लॉइश्टटुर्म१९१७ ए५ वही : प्रार्थना आणि लेखन एकाच जागी ठेवू पाहणाऱ्यांसाठी

लिहायचं स्वप्न आयुष्यभर मनात बाळगणाऱ्या आणि ते देवावर भरवसा ठेवून पुरं करू पाहणाऱ्या माणसासमोर वही निवडताना दोन पर्याय असतात. एक म्हणजे छापील मजकुराची तयार प्रार्थना-डायरी. त्यात रोजच्या तारखा असतात, वर एखादं वचन आणि खाली ‘आज देवाने तुम्हाला काय सांगितलं?’ असा प्रश्न. दुसरा म्हणजे साधी कोरी वही. माझी शिफारस दुसऱ्या पर्यायाची आहे, आणि त्यातही पृष्ठक्रमांक व अनुक्रमणिका छापून येणाऱ्या वहीची. लॉइश्टटुर्म१९१७ या जर्मन कंपनीची कडक पुठ्ठ्याची ए५ वही त्या गरजेत चपखल बसते. कागद, शिवण, रंग यांविषयी पुढे लिहिलंच आहे, पण ही वही घ्यायचं खरं कारण ते नाही. मार्गदर्शन मिळालं असं ज्या दिवशी वाटलं, त्या दिवसाची नोंद दीड वर्षानंतर अर्ध्या मिनिटात सापडली पाहिजे. ती सापडली नाही, तर आपण देवावर विसंबलो की स्वतःच्या सोयीच्या आठवणीवर, हे ओळखायला काही साधन उरत नाही.

आधी वस्तूबद्दल. आकार १४५ × २१० मिमी, म्हणजे ए५पेक्षा रुंदीला किंचित कमी. २५१ पृष्ठं, प्रत्येकावर क्रमांक छापलेला. सुरुवातीला अनुक्रमणिकेसाठी आखलेली रिकामी पानं. कागद ८० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा), आम्लरहित, फिकट पिवळसर. बांधणी दोऱ्याने शिवलेली असल्यामुळे वही मध्यावर उघडली तरी सपाट राहते, दुसऱ्या हाताने दाबून धरावी लागत नाही. खुणेच्या फिती दोन, मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा, वही बंद ठेवायला इलॅस्टिकचा पट्टा आणि पुठ्ठ्यावर व कण्यावर चिकटवायला लेबलं. शेवटची ८ पानं, म्हणजे १६ पृष्ठं, फाडून काढता येतील अशी छिद्रं पाडलेली असतात.

कोरी, रेघांची, चौकटींची आणि ठिपक्यांची अशा चार आखण्यांत ती मिळते. मराठी लिहिणाऱ्याने ठिपक्यांचीच घ्यावी. रेघांच्या वहीतलं अंतर रोमन लिपीच्या मानाने ठेवलेलं असतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार. वरच्या ओळीचा ‘ऊ’कार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो आणि घाईत लिहिलेलं पान महिन्याने स्वतःलाच वाचता येत नाही. ठिपके ५ मिमी अंतरावर असतात. शिरोरेषा एक रांग सोडून दुसऱ्या रांगेवर धरली की दोन ओळींत १० मिमी मिळतात आणि पृष्ठावर १९ ओळी आरामात बसतात. अक्षर बारीक असेल तरी ही सवय मोडू नये.

पेनाबद्दल स्पष्टच सांगते. ८० जीएसएम कागदावर ओल्या, जाड निबाचं शाईपेन चालवलं तर अक्षरं मागच्या बाजूला सावलीसारखी दिसतात. शाई सहसा आरपार जात नाही, पण दोन्ही बाजूंनी लिहिताना त्या सावलीचा त्रास होतो. बारीक निब किंवा ०.५ मिमीचं जेल पेन घेतलं तर अडचण नाही. शाई वाळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पान लगेच उलटू नये. जाड निबाशिवाय ज्यांचं चालतच नाही त्यांच्यासाठी याच कंपनीची १२० जीएसएमची आवृत्ती आहे. तिच्यात पृष्ठं २०३ असतात, म्हणजे पुढे दिलेला दोन वर्षांचा हिशेब त्या वहीत बसत नाही.

एक पेन मात्र या कामासाठी अजिबात नको : घासून पुसता येणारं. फ्रिक्शन जातीची शाई उष्णतेने पुसली जाते. साधारण ६० अंश सेल्सिअसला ती दिसेनाशी होते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत राहिलेली वही कोरी होऊ शकते. त्याहून मोठा धोका मनाचा आहे. पुसायची सोय असली की माणूस पुसतो. ‘या कादंबरीचं काम सोडावं असं प्रार्थनेत वाटलं’ असं लिहिलेलं असतं, पुढे कादंबरी चांगलं वळण घेते आणि हात आपोआप ते वाक्य मऊ करायला जातो. खोडायचंच असेल तर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खोडल्याची तारीख टाका. पान फाडणं तर नकोच. क्रमांक छापलेले असल्यामुळे फाडलेलं पान लपत नाही, आणि हाही या वहीचा एक गुणच आहे. कुणाला काही लिहून द्यायचं असेल, हिशेब करायचा असेल, तर शेवटची छिद्रांची पानं त्यासाठीच आहेत.

आता वापर. बहुतेक लोक अशी वही मोठ्या उत्साहाने आणतात, पहिल्या दहा पानांवर सुंदर अक्षरात लिहितात आणि पुढे ती कपाटात जाते. दोष वहीचा नसतो. आखणीचा हिशेबच केलेला नसतो. रोज दोन पृष्ठं असा बेत केला तर वही चार महिन्यांत संपते आणि रोज दोन पृष्ठं भरण्याचं ओझं होतं ते वेगळंच. आठवड्याला एक जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पृष्ठं, हे माप सगळ्यांत टिकाऊ आहे. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर १०४ पृष्ठं, दोन वर्षांची २०८. पृष्ठ २८ ते २३५ ही बरोबर २०८ पृष्ठं होतात, आणि २८ हे डावीकडचं पृष्ठ असल्यामुळे प्रत्येक आठवडा समोरासमोर उघडतो.

मग पहिली २७ पृष्ठं कशाला? पृष्ठ १ वर एकच वाक्य आणि तारीख : काय लिहायचं आहे. ‘लेखक व्हायचं आहे’ हे वाक्य इथे चालणार नाही. ‘आजीच्या पिढीतल्या बायकांवर बारा कथांचं पुस्तक’ हे चालेल, कारण ते झालं की नाही हे सांगता येतं. पृष्ठ २ ते ७ विषयांची यादी, सुचेल तशी, एका ओळीत एक. पृष्ठ ८ ते १३ पाठवणीची, म्हणजे संपादकांकडे पाठवलेल्या साहित्याची नोंद. १४ ते २१ तिमाही आढावा, दोन वर्षांच्या आठ तिमाह्यांना एकेक पृष्ठ. २२ ते २७ शब्द, म्हणी, कानावर पडलेली वाक्यं. हे सगळं अनुक्रमणिकेत पहिल्याच दिवशी लिहून टाकावं, नाहीतर अनुक्रमणिका कायमची कोरी राहते आणि ज्या गुणासाठी वही घेतली तोच वाया जातो.

जोडपानाचं डावं पृष्ठ प्रार्थनेचं, उजवं कामाचं. डाव्या पृष्ठाची वाटणी १९ ओळींत अशी बसते : एक ओळ आठवड्याची तारीख, दोन ओळी ‘विचारलं’, पाच ओळी ‘वाटलं’, दोन ओळी ‘पाऊल’, तीन ओळी आभार. खाली पाच ओळींची मोकळी चौकट, तिच्यावर शीर्षक ‘पुढे काय झालं’. ही चौकट त्या आठवड्यात भरायची नसते. ती भरली जाते तिमाही आढाव्याच्या दिवशी, आणि सगळ्या वहीत माझ्या मते सर्वांत मोलाची जागा हीच.

‘विचारलं’ मध्ये लोक सहसा चुकतात. ‘हे प्रभो, मी लिहू का?’ हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याचं उत्तर म्हणून काहीही चालतं. पाऊस आला तरी ते उत्तर वाटतं. प्रश्न आठवड्याच्या मापाचा हवा : ‘तिसऱ्या कथेचा शेवट बदलू की ती तशीच ठेवून चौथी सुरू करू?’, ‘नोकरीतली जादा जबाबदारी घेतली तर सकाळचा तास जाणार, घेऊ का?’ अशा प्रश्नाला मनात उठणारं उत्तर पारखता येतं. प्रश्न प्रार्थनेच्या आधी लिहावा. नंतर लिहिला तर तो मिळालेल्या उत्तराला साजेसा होऊन बसतो.

‘वाटलं’ या पाच ओळींत जे मनात आलं ते तर लिहावंच, पण त्याच्यापुढे ते कुठून आलं याची खूण करावी. चार खुणा पुरतात. शांत बसल्यावर आलं तर ‘शां’, कुणी सांगितलं तर ‘सां’, वाचनातून आलं तर ‘वा’, भीतीतून किंवा घाईतून आलं तर ‘भी’. शेवटची खूण करताना मन आढेवेढे घेतं, तरी करावी. तीन महिन्यांनी मागच्या तेरा आठवड्यांच्या खुणा मोजल्या की चित्र आपसूक स्पष्ट होतं : ‘भी’ खुणेची पावलं सहसा कशी संपली आणि ‘शां’ खुणेची कशी. हा फरक कुणी उपदेशातून सांगून कळत नाही, तो ज्याच्या त्याच्या वहीतच सापडतो.

‘पाऊल’ हे एकच असावं आणि हातांनी करता येण्याजोगं असावं. ‘अधिक श्रद्धा ठेवीन’ हे पाऊल नव्हे. ‘मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ६ ते ६.४० तिसऱ्या कथेचा शेवट नव्याने लिहीन’ हे पाऊल. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, या वृत्तीने आजवर कुणाचं पुस्तक पुरं झालेलं नाही, आणि देवावरचा विश्वास म्हणजे ती वृत्ती नव्हेच. विश्वास असलेला माणूस उत्तर पूर्ण कळायची वाट न पाहता, कळलेल्या तेवढ्यावर आज काम करतो. पुढचा आठवडा पुढच्या पानावर आहे.

उजवं पृष्ठ कोरडं ठेवावं. सात दिवस, प्रत्येकाला दोन ओळी, म्हणजे चौदा. पहिल्या ओळीत वेळ आणि शब्दसंख्या, दुसरीत ‘कुठे थांबले’ आणि ‘पुढचं वाक्य’. पुढचं वाक्य लिहून उठायची सवय फार कामाची आहे, दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झुंजावं लागत नाही. उरलेल्या ओळींत आठवड्याची बेरीज. माप म्हणून सांगते : आठवड्यातले पाच दिवस, रोज २५० शब्द, म्हणजे १,२५०. वर्षाला ६५,००० शब्द. मध्यम आकाराच्या कादंबरीला हे पुरतं. ज्यांना ‘वेळच मिळत नाही’ असं वाटतं त्यांनी पृष्ठ २९ वर ही गणना लिहून ठेवावी. शून्य शब्दांचा दिवस असेल तर ० लिहावं, जागा रिकामी सोडू नये. रिकामी जागा दोन महिन्यांनी पाहिली तर त्या दिवशी लिहिलं नव्हतं की नोंद राहून गेली, हे कळत नाही.

मूळ हस्तलिखित मात्र या वहीत लिहू नये. १० मिमीच्या ओळींत एका पृष्ठावर साधारण १३०-१४० शब्द बसतात, तेव्हा अख्ख्या वहीतही मोठं पुस्तक मावणार नाही. खाडाखोडीला जागा नाही आणि प्रार्थनेच्या नोंदी त्यात हरवतात. पुस्तक वेगळ्या कागदांवर किंवा संगणकावर, इथे फक्त त्याचा मागोवा.

तयार प्रार्थना-डायऱ्या याच ठिकाणी कमी पडतात. छापील तारखांमुळे चार दिवस चुकले की चार कोरी पानं समोर येतात, आणि अपराधी वाटून माणूस डायरीच उघडेनासा होतो. रोजचा तोच प्रश्न असल्याने उत्तरंही गुळगुळीत होतात. मुख्य उणीव म्हणजे बहुतेक डायऱ्यांत मागे जाऊन लिहायची जागाच नसते. देवाने काय सांगितलं असं वाटलं, एवढंच विचारलं जातं, त्याचं पुढे काय झालं हे विचारलं जात नाही. ज्यांना प्रार्थनेची सवयच नवी आहे त्यांना पहिले काही महिने त्या डायऱ्यांचा आधार होतो, हे खरं. लिहिण्याचं काम चालवायला त्या अपुऱ्या आहेत.

पाठवणीच्या पृष्ठांविषयी जरा सविस्तर, कारण इथेच सर्वाधिक मनं मोडतात. एका नोंदीला दोन ओळी : तारीख, काय पाठवलं, शब्दसंख्या, कुठे पाठवलं, आणि खाली उत्तराची तारीख व उत्तर शब्दशः. एका पृष्ठावर ९, सहा पृष्ठांवर ५४ नोंदी. ‘शब्दशः’ वर माझा भर आहे. संपादकाचं पत्र ‘सध्या आमच्याकडे या प्रकारचं साहित्य पुरेसं आहे’ असं असतं आणि मनात त्याचं भाषांतर ‘तुला लिहिता येत नाही’ असं होतं. श्रद्धाळू माणसाच्या मनात आणखी एक भाषांतर होतं : ‘देवाची इच्छा नाही.’ साहित्य परत येण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात. अंकाचा विषय वेगळा, लांबी जास्त, तशाच आशयाचं दुसरं काही आधी घेतलेलं, किंवा मजकूर अजून कच्चा. एका नकाराला ईश्वरी कौल मानू नये. वेगवेगळ्या तीन ठिकाणांहून एकाच जागेवर बोट ठेवलं गेलं, उदाहरणार्थ सुरुवात रेंगाळते, तर ते मार्गदर्शन समजून सुरुवात दुरुस्त करावी. देव माणसांच्या तोंडून बोलतो असं आपण मानतो, मग संपादकाच्या तोंडून बोलायला त्याला काय हरकत आहे?

उलट चूकही तेवढीच होते. एक लेख चटकन छापून आला की ती खूण मानून नोकरी सोडायचे बेत ठरतात. मोठा, मागे न फिरवता येणारा निर्णय असेल तर तोच प्रश्न निदान चार आठवडे ‘विचारलं’ मध्ये पुन्हा लिहावा आणि चारही वेळा ‘वाटलं’ स्वतंत्रपणे, मागचं पान न वाचता भरावं. खुणा जुळतात का ते पाहावं. शिवाय दोन वेगळ्या माणसांशी बोलावं : एक ज्याला आपलं मन आणि घरची परिस्थिती ठाऊक आहे, दुसरा ज्याला लेखनातलं कळतं. पहिल्याला कथेबद्दल आणि दुसऱ्याला नोकरीबद्दल विचारलं की सल्ला भरकटतो.

सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला एक नियम या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवण्यासारखा आहे : मन कोरडं, उदास झालेलं असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. कुठल्याही पंथाच्या माणसाला तो उपयोगी पडेल. वहीत त्याचा वापर सोपा आहे. उदास आठवड्यात ‘पाऊल’ नवं लिहायचं नाही, मागच्या शांत आठवड्याचा पृष्ठक्रमांक तिथे टाकायचा : ‘पाऊल : पृ. ४४ प्रमाणे.’ क्रमांक छापलेले नसते तर ही सोय झालीच नसती.

तिमाही आढाव्याला तासभर काढावा. तेरा जोडपानं क्रमाने वाचायची, प्रत्येकावरची ‘पुढे काय झालं’ ची चौकट भरायची, आणि १४ ते २१ मधल्या आपल्या पृष्ठावर तीन गोष्टी लिहायच्या : एकूण शब्द, खुणांची मोजणी, आणि जे मार्गदर्शन वाटलं पण तसं ठरलं नाही अशा जागांचे पृष्ठक्रमांक. तिसरी ओळ लिहिताना श्रद्धा डळमळेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात जो आपल्या चुकलेल्या नोंदी पाहू शकतो, त्याचाच भरवसा स्वतःच्या मनाच्या लहरीवरून हटून देवाकडे वळतो.

दोन फितींपैकी एक चालू आठवड्यात आणि दुसरी पाठवणीच्या पृष्ठांत ठेवावी. खिशात दोन-चार पत्रांपेक्षा जास्त काही भरू नये, वही फुगते आणि शिवणीवर ताण येतो. इलॅस्टिक कालांतराने सैल पडतं, दोन वर्षं रोज वापरायच्या वहीत ते धरूनच चालावं. पाणी आणि हरवणं यांवर उपाय एकच : महिनाअखेर नव्या पृष्ठांचे फोटो काढून ‘खंड१_पृ०४४’ अशा नावाने साठवणं. नावात पृष्ठक्रमांक असला की अनुक्रमणिका फोटोंनाही लागू पडते.

ज्यांना रोज चार-पाच पानं मनमोकळं लिहायचं असतं त्यांना ही वही महागही पडेल आणि अपुरीही, त्यांनी साध्या जाड वह्या घ्याव्यात आणि क्रमांक हाताने टाकावेत. २५० क्रमांक टाकायला फार वेळ लागत नाही. पहिल्याच बसण्यात सगळे टाकावेत मात्र, ‘लिहीन तसे टाकीन’ म्हटलं की विसाव्या पानानंतर ते थांबतात.

वही संपताना पृष्ठ २३६ वर ज्या ‘विचारलं’ चं उत्तर अजून आलेलं नाही त्यांची पृष्ठक्रमांकांसह यादी करावी. ती यादी नव्या वहीच्या पृष्ठ १ वर, पुस्तकाच्या वाक्याखाली उतरवायची आणि कण्यावरच्या लेबलावर खंड क्रमांक व सुरुवात-शेवटची तारीख लिहायची. नवी वही साधारण दीड महिना आधीच मागवून ठेवावी, ठिपक्यांची आखणी आवडीच्या रंगात लगेच मिळेलच असं नसतं.